दुसऱ्याच्या गरजेची किंमत



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला मी घरोघरी येतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. इतक्या वर्षांत आजाऱ्यांच्या खोल्या मला पाठ झाल्या आहेत. उशाशी रोझरी, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, पाण्याचा तांब्या आणि एक पत्र्याचा डबा. डबा मुळात बिस्किटांचा, पण आता त्यात गोळ्या असतात. पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका घरी प्रार्थना आटोपून निघताना माझे लक्ष त्या डब्याकडे गेले. आतल्या गोळ्या अर्ध्या केलेल्या होत्या, त्याही सुपारीच्या अडकित्त्याने.

"आजी, डॉक्टरांनी अर्धी घ्यायला सांगितली आहे का?" मी विचारले.

आजी हसल्या. "डॉक्टर पुरीच सांगतात, फादर. पण पुरी घेतली की वीस तारखेला डबा रिकामा. अर्धी घेतली की मुलाच्या पगारापर्यंत पुरते."

गोळी रक्तदाबाची होती. अर्ध्या गोळीने निम्मे रक्षण होते, असा हिशेब औषधात चालत नाही. पण आजींचा हिशेब घराचा होता आणि त्या हिशेबात त्यांची काही चूक नव्हती. दूध, गॅस, नातवाची फी या सगळ्यांत जिथे कात्री लावली तर कोणी ओरडणार नाही अशी एकच जागा त्यांना सापडली होती, ती म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर.

त्याच आठवड्यात आपल्या धर्मग्रामातले एक औषधविक्रेते मला भेटायला कार्यालयात आले. (त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. पापनिवेदनात ऐकलेले एक अक्षरही या पानावर कधी येणार नाही, याची खात्री बाळगावी.) बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "फादर, छापील किंमत घेणे हे पाप आहे का?"

प्रश्न मला आधी विनोदी वाटला. छापील किंमत म्हणजे कायद्याने घेता येणारी सर्वांत जास्त किंमत. ती घेतली तर पाप कसले? मी तसे म्हणालो. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगितली, जी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यांच्या फळीवर एकाच औषधाच्या चार-पाच कंपन्यांच्या स्ट्रिपा असतात. आतला घटक तोच, मात्रा तीच. काही कंपन्या डॉक्टरांकडे प्रतिनिधी पाठवतात, नमुने देतात, त्यांचे नाव चिठ्ठीवर येते. काही कंपन्या डॉक्टरांकडे जातच नाहीत, त्या थेट दुकानदाराला माल देतात. या दुसऱ्या प्रकारच्या मालाला दुकानदार 'जेनेरिक' म्हणतात. तो दुकानदाराला अतिशय स्वस्त पडतो, पण स्ट्रिपवर छापलेली किंमत खरेदीच्या चार-पाच पटही असू शकते. गिऱ्हाइकाला वीस टक्के सूट दिली तरी ते खूश होऊन जाते आणि दुकानदाराच्या गल्ल्यात उरते ते उरतेच. "सगळे कायदेशीर आहे, फादर," ते म्हणाले, "पण आपल्याच वाडीतली माणसे दुवा देत जातात तेव्हा मला कसेसेच होते."

त्यांना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाची एक खोड असते. प्रश्न समोर असताना उत्तर सुचत नाही, आणि रात्री झोपताना जुनी वही आठवते. मला आठवला तो संत थॉमस अक्वायनस. तेराव्या शतकातला हा संन्यासी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजी' या ग्रंथात देवदूतांपासून दरोडेखोरांपर्यंत सगळ्यांविषयी प्रश्न विचारतो. त्यात एक प्रश्न असा आहे: वस्तू तिच्या योग्य मोलापेक्षा जास्त किमतीला विकणे न्याय्य आहे का?

त्याचे उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. समजा, एखादी वस्तू विकल्याने विकणाऱ्याचे खास नुकसान होणार आहे. वडिलांची एकुलती एक आठवण आहे, किंवा ती वस्तू गेली तर त्याचे काम अडणार आहे. मग त्याने थोडी जास्त किंमत मागितली तर चालेल, कारण तो स्वतःचे नुकसान भरून घेत आहे. पण समजा, विकणाऱ्याचे काहीच बिघडत नाही आणि घेणारा मात्र फार अडलेला आहे. अशा वेळी, तो अडलेला आहे म्हणून किंमत वाढवणे अन्याय आहे, असे थॉमस म्हणतो. का? कारण त्या वस्तूमुळे घेणाऱ्याला जो मोठा लाभ होणार आहे, तो विकणाऱ्यातून आलेला नाही. तो घेणाऱ्याच्या स्थितीतून, त्याच्या अडचणीतून आलेला आहे. आणि जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही. दुसऱ्याची गरज ही आपली मालमत्ता नव्हे.

हे वाचून एखाद्याला वाटेल की यात काय विशेष? पण औषधाच्या बाबतीत ते ताडून पाहा. गोळी बनवायला, पॅक करायला, पोहोचवायला काही खर्च येतो. शोधायला खर्च येतो. दुकानाचे भाडे, मुलांचा पगार, विजेचे बिल. या सगळ्यांवर रास्त नफा. इथपर्यंत विकणारा स्वतःचे विकतो. त्याच्यापुढे जी रक्कम वाढत जाते ती कशाची? 'हे घेतले नाही तर तुम्ही मराल' या एका वाक्याची. ते वाक्य कंपनीने बनवलेले नाही. ते रोग्याच्या शरीराने बनवलेले आहे.

आता कोणी हुशार माणूस म्हणेल की किंमत बाजार ठरवतो, धर्मगुरूंनी त्यात पडू नये. गंमत अशी की आमच्या जुन्या पंडितांना बाजार अजिबात नकोसा नव्हता. थॉमसनंतरच्या अनेक धर्मशास्त्रज्ञांनी, विशेषतः सोळाव्या शतकातल्या सालामांका येथील अध्यापकांनी, न्याय्य किंमत म्हणजे बाजारातल्या लोकांच्या सर्वसाधारण अंदाजाने ठरणारी किंमत, असेच मानले. अट एवढीच की फसवणूक नसावी आणि मक्तेदारी नसावी. भाजीबाजारात ही अट बरीचशी पाळली जाते. वांगी महाग वाटली तर आपण दुधी घेतो, नाहीतर घरच्या वालांवर भागवतो. औषधाच्या दुकानात मात्र निवडणारा एक असतो आणि पैसे देणारा दुसरा. डॉक्टर निवडतात, त्यांना पैसे द्यायचे नसतात. आपण पैसे देतो, आपल्याला निवडायचे कळत नाही. आणि 'नको' म्हणण्याचा जो शेवटचा अधिकार कोणत्याही गिऱ्हाइकाला असतो, तो आजाऱ्याला नसतो. हा बाजार बाजारासारखा दिसतो, एवढेच.

सरकारला हे समजत नाही असे नाही. आवश्यक औषधांच्या किमतींवर आपल्या देशात नियंत्रण आहे. १९९५ च्या आदेशात ७४ मूळ औषधे नियंत्रणाखाली होती आणि किंमत उत्पादन खर्चावरून काढली जाई. २०१३ साली नवा आदेश आला. आवश्यक औषधांच्या यादीतली कितीतरी अधिक औषधे त्याच्या कक्षेत आली, ही चांगली गोष्ट झाली. पण हिशेबाची रीत बदलली. आता बाजारात निदान एक टक्का वाटा असलेल्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यात दुकानदाराचे सोळा टक्के मिळवायचे, आणि ती कमाल किंमत. म्हणजे खर्च किती आला हे विचारायचे सोडून, सगळे किती घेतात हे विचारायचे. सगळेच जास्त घेत असतील तर सरासरीही जास्तच येणार. शिवाय ही कमाल किंमत दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलते. एप्रिल २०२२ मध्ये ती १०.७ टक्क्यांनी वाढू दिली गेली, एप्रिल २०२३ मध्ये १२.१ टक्क्यांनी. ओळीने दोन वर्षे. २०२४ मध्ये वाढ जवळजवळ शून्य होती आणि २०२५ मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. पण आधी चढलेली किंमत काही खाली उतरली नाही. आजींचा अडकित्ता त्या दोन वर्षांत बाहेर निघाला. यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा कंपन्यांना आहेच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीच फसवणूक करीन. किंमत फार दाबली तर औषध बनवणेच बंद होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारला दम्याचे साल्ब्युटामोल, पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, मनोविकारातले लिथियम अशा आठ औषधांच्या काही प्रकारांची किंमत एकदम पन्नास टक्क्यांनी वाढवावी लागली, कारण परवडत नाही म्हणून उत्पादक ती बनवणे सोडू लागले होते. दुकानात न मिळणारे स्वस्त औषध कोणाच्याच कामाचे नाही. मी ज्या रकमेविषयी बोलतो आहे ती खर्च आणि रास्त नफा यांच्या वरची आहे.

ती रक्कम किती असू शकते, याचे एक उदाहरण सरकारी कागदांत नोंदलेले आहे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावर 'नेक्झावार' नावाचे औषध आहे. बायर कंपनीकडे त्याचे पेटंट होते. भारतात एका महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवायचा सक्तीचा परवाना दिला. तसा परवाना आपल्या देशात पहिल्यांदाच दिला गेला. नॅटकोने महिन्याचे औषध ८,८८० रुपयांना द्यायचे आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा बायरला द्यायचा, असा निर्णय झाला. कंपनीने दाद मागितली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला. २ लाख ८० हजार आणि ८,८८०. मधली २ लाख ७१ हजारांची रक्कम नेमकी कशाची होती, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. काही भाग संशोधनाचा, हे मी मान्य करतो. शोध घेणाऱ्याला काहीच मिळाले नाही तर पुढचा शोध कोण घेईल, हा आक्षेप खोटा नाही. पण मग संशोधनाचा खर्च उघड्यावर मांडावा, आणि तो मरणाच्या दारातल्या माणसाकडूनच वसूल का करायचा, हेही सांगावे. इन्शुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ साली आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते, आणि त्यानंतर संशोधन काही थांबले नाही.

आपला देश या बाबतीत बराच काळ शहाणपणाने वागला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, फक्त ते बनवण्याच्या रीतीला पेटंट देण्याचे ठरवले. म्हणून आपल्या कंपन्या वेगळ्या रीतीने तीच औषधे बनवू लागल्या. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरची तीन औषधे मिळून दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्याच उपचाराला पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त पडत होते. आफ्रिकेतल्या लाखो लोकांपर्यंत पुढे ही औषधे पोहोचली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून आपल्यालाही औषधांना पेटंट द्यावे लागले. तरीही जुन्याच औषधाला थोडे वेगळे रूप देऊन नवे पेटंट मागायचे नाही, अशी तरतूद आपण ठेवली. तिच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील 'ग्लिवेक' या औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली. परमगुरू बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००९ सालच्या 'कारितास इन वेरिताते' या परिपत्रकात, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात बौद्धिक संपदेच्या हक्काचा अवाजवी ताठरपणे आग्रह धरणाऱ्या श्रीमंत देशांना खडे बोल सुनावले आहेत.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. कंपन्या दूर असतात, सरकार दिल्लीत असते. आता जवळचे सांगतो.

आपल्या धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल संस्थेतर्फे औषधनिधी चालतो. दारातल्या पेटीतून आणि काही दात्यांकडून येणाऱ्या पैशातून वीस-पंचवीस घरांना रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे दिली जातात. काही वर्षांपूर्वी एक तरुण बाप माझ्याकडे आला. दोन लहान मुले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात कर्करोगाचे उपचार चालू होते आणि नवी गोळी लिहून दिली होती. महिन्याचा खर्च आपल्या निधीच्या महिन्याभराच्या जमेच्या दुपटीहून जास्त होता. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. घरी बसून महिनोन् महिने घ्यायच्या या गोळीला तिचा उपयोग झाला नाही. समिती बसली. दोन तास चर्चा झाली. एका माणसाच्या दोन आठवड्यांसाठी पंचवीस घरांची औषधे बंद करायची का? शेवटी सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मी नाही म्हणालो. एकदाच थोडी मदत दिली. त्या रकमेतून आणि घरातले सोने मोडून त्यांनी एक महिन्याच्या गोळ्या घेतल्या. पुढच्या नाताळाआधी तो गेला. मीच त्याला अखेरचे अभ्यंग केले.

दयाळू शमरोनीची गोष्ट सांगताना आम्ही धर्मगुरू एक तपशील नेहमी गाळतो. त्याने जखमी माणसाला सरायवाल्याच्या हवाली केले, दोन नाणी दिली आणि आणखी लागेल तेही परत येताना फेडीन असे सांगितले. हे तो म्हणू शकला, कारण त्या रस्त्यावर एकच माणूस पडलेला होता. पंचवीस पडलेले असते तर? तत्त्वज्ञानात या प्रश्नावर पुष्कळ वाद झाले आहेत. कोणी म्हणतात जास्त जीव वाचतील ते करा, कोणी म्हणतात समोर उभा असलेल्या माणसाकडे आकडा म्हणून पाहू नका. मी पहिल्या बाजूने निर्णय दिला. आजही मला वाटते की, जे मला त्या दिवशी माहीत होते तेवढ्यावरून पाहिले, तर तो निर्णय चुकीचा नव्हता.

माझे दुखणे दुसऱ्याच ठिकाणी आहे. वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर त्याची पत्नी कार्यालयात आली आणि टेबलावर एक पाकीट ठेवले. त्यात नऊ गोळ्या उरल्या होत्या. "एवढ्या महाग आहेत, फादर, कोणाला तरी उपयोगी पडतील." उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणून मी ते पाकीट आपल्या त्या औषधविक्रेत्यांना दाखवले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि हळूच सांगितले की या औषधाचे पेटंट तो आजारी असतानाच संपले होते. भारतीय कंपन्यांची तीच गोळी तेव्हा बाजारात आली होती आणि तिची किंमत कितीतरी कमी होती. चिठ्ठीवर जुन्या कंपनीचे नाव होते, इतकेच.

म्हणजे समितीत आम्ही दोन तास निधीची वही तपासत बसलो. एकानेही किमतीकडे बोट दाखवून 'ही एवढी का?' असे विचारले नाही. पाऊस किती पडला हे जसे आपण मान्य करतो, तशी आम्ही ती किंमत मान्य केली. पंचवीस विरुद्ध एक हा पेच आम्हाला देवाने घातलेला नव्हता. तो आमच्या अज्ञानाने घातलेला होता.

नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार शिकवतात. एक, प्रामाणिक प्रयत्न करूनही दूर न होणारे. त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे, थोडी चौकशी केली असती तर दूर झाले असते असे. त्याचा दोष लागतो, चौकशी करणे जितके सोपे होते तितका जास्त. मी एक फोन करू शकलो असतो. औषधविक्रेते आपल्याच चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात. मी तो फोन केला नाही, कारण डॉक्टरांनी लिहिले ते तसेच असणार, असे मीही आपल्या सर्वांसारखे धरून चाललो होतो. या गोष्टीचे मी माझ्या पापनिवेदनात काय केले ते माझ्यापाशी राहो. पण ज्या घराला ती झळ लागली, त्यांना मी जाऊन सांगितले. ते सांगणे सोपे नव्हते. ती मुलगी (मला ती मुलीसारखीच आहे) बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आम्हीसुद्धा विचारले नाही, फादर. विचारले असते तर डॉक्टरांना राग आला असता."

हे वाक्य मला औषधविक्रेत्यांच्या प्रश्नाकडे परत घेऊन आले. आता मला त्यांना उत्तर देता आले असते. थॉमसनेच चर्चा केलेले एक जुने कोडे आहे, जे मुळात रोमन विचारवंत सिसेरोचे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन पहिला पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे फक्त त्याला ठाऊक आहे. त्याने ते लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? थॉमस इथे आश्चर्यकारक मवाळ आहे. जहाजे अजून यायची आहेत, भाव उद्या उतरायचा आहे, म्हणून व्यापाऱ्याने न सांगता चालू भावाने विकले तर तो अन्याय होत नाही, असे तो म्हणतो. सांगितले किंवा भाव कमी केला, तर ते अधिक सद्‌गुणी ठरेल, एवढेच.

मी औषधविक्रेत्यांना हे कोडे सांगितले तेव्हा ते सुटकेचा श्वास सोडतील असे मला वाटले होते. उलट त्यांनी मान हलवली. "फादर, त्या व्यापाऱ्याची दुसरी जहाजे समुद्रात होती. माझी स्वस्त स्ट्रिप मागच्याच फळीवर आहे."

माझ्या सेमिनरीतल्या वर्गात एवढे नेमके उत्तर कोणी दिले नव्हते.

त्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत. चिठ्ठीवरचे औषध बदलून दुसरे परस्पर द्यायला दुकानदाराला कायद्याने मनाई आहे, आणि रोग्याच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यही आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, असे नियम आपल्याकडे येतात आणि अडकतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तसा नियम जाहीर केला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. डॉक्टरांचा आक्षेप असा की सगळ्या स्वस्त औषधांच्या दर्जाची खात्री कोण देणार? तो आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही. दर्जा तपासणारी यंत्रणा अपुरी आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण महाग स्ट्रिपही त्याच यंत्रणेतून येते, हे आपण विसरतो. किंमत ही दर्जाची पावती आहे, अशी आपली श्रद्धा आहे आणि ती आपल्या काही धार्मिक श्रद्धांपेक्षा पक्की आहे. आपल्याच एका कुटुंबाला मी जनऔषधी केंद्रात जायला सुचवले, तेव्हा "फादर, आम्ही एवढे गरीब झालो का?" असे उत्तर मिळाले. देशात अशी केंद्रे आता पंधरा हजारांहून अधिक आहेत.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या बाईची मला या दिवसांत वारंवार आठवण येते, जिला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. मार्क मुद्दाम नोंदवतो की अनेक वैद्यांकडे जाऊन तिने जवळचे सगळे खर्च केले आणि दुखणे वाढतच गेले. लूकच्या शुभवर्तमानात हा शेरा बराच मवाळ झाला आहे. परंपरेप्रमाणे लूक स्वतः वैद्य होता, तेव्हा आपण समजून घेऊ! पण त्या बाईविषयी एक गोष्ट दोघेही सांगतात. ती मागून आली, गर्दीत लपून. पैसे संपलेला आजारी माणूस समोरून येत नाही. आजींनी मला अडकित्त्याविषयी आपण होऊन सांगितले नव्हते, आणि त्या घरी मी चार वर्षे जात होतो.

सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण माफ झाला. बिलात थोडा फरक पडला आहे, तो आपण तपासून घ्यावा. आजींच्या डॉक्टरांशी मी बोललो. ते रागावले नाहीत, उलट त्यांनी दोन गोळ्यांऐवजी एकच संयुक्त गोळी, तीही स्वस्त कंपनीची, लिहून दिली. 'ही बाई अर्धी गोळी घेते हे मला कोणी सांगितलेच नाही,' असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात आपले औषधविक्रेते आणि धर्मग्रामातल्या एक निवृत्त परिचारिका दोन तास बसणार आहेत. ज्यांना कायमची औषधे चालू आहेत त्यांनी यावे. तेच औषध कमी किमतीत कुठे मिळते, डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा, हे ते सांगतील. कोणतीही गोळी तिथे बदलून दिली जाणार नाही. विशेषतः फिट, थायरॉइड आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये. पत्नी गमावलेले आणि एकटे राहणारे जे ज्येष्ठ आहेत, त्यांना शेजाऱ्यांनी सोबत आणावे. नुसती चिठ्ठी आणू नये. चिठ्ठी, बिल आणि घरातला डबा, तिन्ही आणावे. डबा उघडल्यावर कोणी कोणाला रागावणार नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू